आधी उतार, मग बोट: क्रीटच्या घळींत चालायला निघण्यापूर्वी

दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या माणसाला एक खोड असते. जगातला कुठलाही डोंगर दाखवा, तो आधी मनात भागाकार करतो: म्हणजे किती सिंहगड? मीही केला. ग्रीसच्या क्रीट बेटावरची समारियाची घळ साधारण १२३० मीटर उंचीवर सुरू होते आणि थेट समुद्रावर संपते. अतकरवाडीतून सिंहगड साधारण सहाशे मीटरचा. ‘दोन सिंहगड, आणि तेही फक्त उतरायचे,’ मी नणंदेला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ‘मग काय वहिनी, लोळत जाऊ.’

परत आलो तेव्हा माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती आणि कोथरूडमधल्या आमच्या इमारतीचा जिना मी चार दिवस उलटं तोंड करून उतरत होते. तेव्हा पहिली गोष्ट ही, की आपल्याकडे डोंगर म्हणजे आधी चढ. दम लागतो, थांबतो, कोकम सरबत पितो, आणि उतरताना घरी जायचं असतं म्हणून पाय आपोआप चालतात. क्रीटच्या घळीत उलटं आहे. सकाळी ताज्या पायांनी उतरायला लागता आणि दुपारी थकलेल्या पायांनीही उतरतच असता. दमसास कितीही असो, गुडघा आणि मांडीचा पुढचा स्नायू तयार नसेल तर उपयोग नाही.

त्यामुळे तयारी सिंहगडावरच करा, पण चढायला नव्हे, उतरायला. आम्ही जायच्या आधीचे दोन महिने गाडीने वर जायचो, पायवाटेने खाली यायचो. देवटाक्याजवळ ओळखीचे लोक विचारायचे, ‘आज उलटं का?’ पाठीवर सॅक हवी, तिच्यात तीन लिटर पाणी हवं. सलग दोनदा उतरून दुसऱ्या दिवशी जिना नीट उतरता आला, तर तुम्ही तयार आहात. ‘कात्रज ते सिंहगड’ केलेल्यांनी अंतराची काळजी करू नये; समारियाही सगळी मिळून १६ किलोमीटरच आहे. बूट पायापेक्षा अर्धा नंबर मोठे घ्या, उतारावर बोटं पुढे सरकतात. मी नेहमीच्या मापाचे नेले, म्हणून ती नखं. निघायच्या दोन दिवस आधी नखं बारीक कापा. आणि दोन काठ्या न्या. मी आयुष्यभर काठीवाल्यांना हसत आले, आता हसत नाही.

आता दगड. आपला सह्याद्री बेसॉल्टचा. कोरडा असेल तर काळा कातळ बूट धरून ठेवतो. क्रीटचे डोंगर मुख्यतः चुनखडीचे. समारिया ज्यांच्या पोटात आहे त्या डोंगरांचं नावच लेफ्का ओरी, म्हणजे पांढरे डोंगर. सगळ्यात उंच शिखर पाख्नेस, २४५३ मीटर. चुनखडी पाण्यात विरघळते, म्हणून पावसाचं पाणी वर न साचता भेगांमधून आत मुरतं, गुहा करतं आणि भलत्याच ठिकाणी झरा होऊन बाहेर येतं. चालणाऱ्याला यातून दोन गोष्टी कळायला हव्यात. नकाशावर नदी दिसली म्हणजे पाणी मिळेलच असं नाही. आणि हजारो पावलांनी घासलेला चुनखडीचा दगड कोरडा असतानाही फरशीसारखा गुळगुळीत असतो. चकाकणाऱ्या दगडावर पाय टाकू नका, शेजारच्या खरबरीत दगडावर टाका. घळीच्या तळाशी तर नारळाएवढे पांढरे गोटे पसरलेले असतात. सांधण दरीत जसं घाई केली की घोटा मुरगळतो, तसंच इथे.

ऋतूही आपल्या उलटा. आपण पावसाळ्यात डोंगराकडे पळतो, तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो. हिवाळ्यात घळीतून पाण्याचे लोंढे येतात म्हणून समारिया साधारण १ मेपासून ऑक्टोबरअखेरपर्यंतच उघडी असते, आणि मध्येही पाऊस किंवा फार कडक ऊन असेल तर त्या दिवसापुरती बंद करतात. म्हणून घळीसाठी एकच दिवस हातात ठेवून जाऊ नका. मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, या दोनांतून निवडा. मेमध्ये ओढ्याला पाणी असतं, डोंगरमाथ्यावर थोडा बर्फही दिसू शकतो. जुलै-ऑगस्ट सोडा. पुण्याच्या एप्रिलची सवय आहे म्हणून मिशीला पीळ देऊ नका. त्या पांढऱ्या भिंती वरून आणि बाजूने, दोन्हीकडून भाजतात.

व्हिसा शेंगेनचा लागतो, त्यासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा दाखवावा लागतो. त्यात डोंगरातलं चालणं धरलंय का ते बारीक अक्षरात वाचा. अथेन्सहून हान्या शहराला विमानाने तासाभरात पोचता येतं, किंवा पिरेयस बंदरातून रात्रीच्या जहाजाने. आम्ही जहाजाने गेलो. नणंद डेकवर दशम्या उघडून बसली. खाऊ नेताना एक लक्षात ठेवा, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. पेढे, खव्याच्या पोळ्या, तुपातले लाडू घरी ठेवा. दुधाऐवजी पाण्यात भिजवलेल्या तेलातल्या दशम्या, चिक्की, गूळ-शेंगदाणे, भडंग यांना हरकत नाही.

थेट समारियाला भिडू नका. आधी इम्ब्रोस करा. साधारण ८ किलोमीटर, अडीच-तीन तास, उतार सौम्य, आणि सगळ्यात अरुंद जागी दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात. मे १९४१ मध्ये क्रीटची लढाई हरल्यावर दोस्त राष्ट्रांचे हजारो सैनिक या बाजूनेच डोंगर उतरून स्फाकियाच्या किनाऱ्यावर बोटी गाठायला गेले होते. आपण सुती टोपी घालून, चिक्की खात तिथून जातो, जरा ओशाळायला होतं. वाटेत पाण्याचा भरवसा धरू नका, सगळं पाणी बरोबर न्या. दुसऱ्या दिवशी पाय काय म्हणतात ते ऐका, मग समारियाचा दिवस ठरवा. आया इरिनी नावाची घळ साधारण साडेसात किलोमीटरची आणि सावलीची, गर्दी नको असेल तर ती. अरादेना मात्र नवख्यांसाठी नाही: मोठमोठ्या शिळा, मध्ये लोखंडी शिडीची जागा. वरच्या १३८ मीटर उंच लोखंडी पुलावरून ट्रक गेला की फळ्या ढोलासारख्या वाजतात. आम्ही पूल बघितला, खाली नाही उतरलो. त्याचं वाईट वाटत नाही.

समारियाचा दिवस असा. हान्याहून पहाटेची बस पकडायची. ती ओमालोसच्या पठारावरून पुढे क्सिलोस्कालो या जागी सोडते. या नावाचा अर्थच ‘लाकडी जिना’. सकाळी तिथे चक्क थंडी असते, पातळ जाकीट हवं. तिकीट जपून ठेवा, खाली बाहेर पडताना ते परत तपासतात. आत कोणी अडकून राहिलं नाही ना, हे त्यांना त्यावरून कळतं. तिथून वाट नागमोडी खाली जाते आणि पहिल्या चारेक किलोमीटरमध्येच एकूण उंचीपैकी जवळजवळ निम्मी उतरून होते. इथेच लोक चुकतात. हवा गार, पाय ताजे, समोर देखणा कडा, मग सगळे धावत सुटतात. आम्हाला मागे टाकून गेलेली पाच-सहा दणकट पोरं पुढे सावलीत मांड्या चोळत बसलेली सापडली. ग्रीक लोक ‘सिगा-सिगा’ म्हणतात, म्हणजे हळूहळू. पहिला तास तसाच काढा.

पाण्याचे झरे आणि नळ वाटेत ठिकठिकाणी आहेत, त्यामुळे समारियात दीड लिटरची बाटली पुरते, भरत राहायची. निम्म्या वाटेवर जुनं समारिया गाव लागतं. १९६२ मध्ये हा भाग राष्ट्रीय उद्यान झाला तेव्हा गाव उठवलं. दगडी घरं उरलीत. आपल्याकडे धरणाखाली गेलेल्या गावांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला तिथे सहज बसवत नाही. तिथे क्री-क्री नावाची रानटी बकरी माणसांना सरावलेली दिसते. पिशवीतलं काही देऊ नका. फुलं तोडणं, पाण्यात उतरणं, आत मुक्काम करणं यांनाही मनाई आहे.

गावानंतर वाट नदीच्या पात्रात शिरते आणि भिंती जवळ येत जातात. दरड कोसळण्याचा धोका असलेल्या पट्ट्यांत ‘भरभर चला’ अशा अर्थाच्या पाट्या आहेत. त्या गंभीरपणे घ्या. वर चरणारी बकरी एक खडा सरकवते, तो खाली येईपर्यंत खडा राहत नाही. म्हणजे फोटो, डबा, बुटाची नाडी, सगळं पाटीच्या आधी किंवा नंतर. कान मोकळे ठेवा, गाणी नकोत, वरचा आवाज ऐकू यायला हवा. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. फोनची रेंज जवळजवळ नसते. ती असेल तिथून मदतीचा नंबर ११२. पाय मोडला तर हेलिकॉप्टरची स्वप्नं बघू नका, तिथे जखमींना खेचरावरूनही खाली आणतात.

शेवटाकडे पोर्तेस येतं, म्हणजे दारं. दोन्ही बाजूंना सुमारे ३०० मीटर उंच भिंती आणि मधे जेमतेम तीन-चार मीटरची फट. खालून पाणी, लाकडी फळ्यांवरून चालायचं. मी तिथे काही बोलले नाही असं नणंद सांगते, आणि ते फार क्वचित घडतं.

ज्यांचे गुडघे खरंच गेलेत त्यांच्यासाठीही सोय आहे. आमच्या ह्यांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ते सकाळी बोटीने खालच्या आया रुमेली गावात आले आणि उलट्या बाजूने, सपाट वाटेने तास-सव्वा तास चालून पोर्तेसपाशी आम्हाला भेटले. तिकडे या प्रकाराला ‘आळशी समारिया’ म्हणतात. ह्यांना ते नाव फार आवडलं.

उद्यानाचं दार ओलांडलं की संपलं असं वाटतं, पण गाव अजून सुमारे तीन किलोमीटर आहे, भर दुपारी, सावलीशिवाय. त्यासाठी पाणी राखून ठेवा. आया रुमेलीला गाडीरस्ताच नाही. बाहेर पडायचं तर बोटीने, सूयाकडे किंवा होरा स्फाकियोनकडे, आणि तिथून हान्याची बस. म्हणून बोटीची वेळ हीच त्या दिवसाची खरी मर्यादा. तिकीट आधी काढा, मग जेवा. आमची शेवटची बोट साडेपाचची होती. आम्ही सव्वाचारला पोचलो, तेव्हा ह्यांनी पुढे जाऊन टेबल धरून ठेवलं होतं. दक्षिणेचा वारा सुटला की बोटी बंद राहतात, मग रात्र गावातच. म्हणून पैसे आणि रोजच्या गोळ्या सॅकमध्ये हव्यात, हॉटेलातल्या बॅगेत नव्हे.

शाकाहारींनी ‘निस्तीसिमो’ हा शब्द पाठ करावा. त्यांच्या उपासाच्या जेवणाला तो वापरतात: मांस, दूध, अंडं नाही. कालवं-कोळंबी मात्र चालते, तेवढं विचारून घ्या. ‘होर्ता’ म्हणजे रानातली पालेभाजी, उकडून वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू. जवाच्या कडक पावावर टोमॅटो आणि चीज घातलेला ‘डाकोस’ मिळतो. नणंदेने होर्ताच्या दोन बश्या संपवल्या आणि म्हणाली, ‘वहिनी, फोडणी राहिली.’ मग बूट काढून आम्ही दोघी काळ्या खड्यांच्या किनाऱ्यावर पाय पाण्यात सोडून बसलो. नखं तेव्हा दिसली.