मोडाच्या नाचण्याचे सत्त्व आणि त्यात घालायचा गूळ

कोल्हापूरच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या डोंगरी तालुक्यांत ज्याला नाचणा म्हणतात, ती नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेतील इथिओपिया-युगांडाच्या उंच प्रदेशातली. काही हजार वर्षांपूर्वी ती भारतात आली आणि भाताला लागणारे पाणी जिथे थांबत नाही, अशा उताराच्या हलक्या जमिनीत रुजली. दिवाळीच्या आगेमागे तिची काढणी होते. सत्त्व करण्यासाठीही त्यानंतरचा थंडीचा काळच योग्य, कारण पावसाळ्यात मोडाचे धान्य नीट वाळत नाही आणि त्याला बुरशी धरते.

शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तांदूळ आणि गहू यांच्या कित्येक पट. मात्र त्याचा मोठा वाटा दाण्याच्या तांबूस टरफलात असतो, ही गोष्ट सत्त्व करताना हमखास विसरली जाते. भिजवलेली नाचणी वाटून, फडक्यातून गाळून, तळाशी बसलेला पांढरा साका वाळवण्याची जुनी पद्धत तान्ह्या बाळासाठी ठीक आहे. पण त्यात पिष्टच उरते आणि ज्यासाठी नाचणी खायची ते फडक्यातल्या चोथ्याबरोबर टाकून दिले जाते. त्यामुळे मोठ्या माणसांसाठी पुढील पद्धत मला अधिक बरी वाटते.

एक किलो नाचणी निवडून, खडे राहू नयेत म्हणून रोळून घ्यावी आणि दहा-बारा तास भिजवावी. नंतर पाणी पूर्ण निथळून ती सुती फडक्यात सैलसर बांधावी व फडके सुकू लागले की पाण्याचा हबका मारावा. दीड दिवसात बारीक पांढरे मोड दिसतात, थंडीत क्वचित दोन दिवस लागतात. पुरचुंडीला आंबूस वास येऊ लागला तर मात्र ते धान्य वापरू नये. मोडाची नाचणी घरात पंख्याखाली किंवा सावलीत पसरून, दाताखाली कडकन फुटेल इतकी वाळवावी, तळहाताने चोळून मोड झाडावेत आणि मंद आचेवर जेमतेम गरम होईल इतकीच परतून कोंड्यासकट दळून आणावी. खमंग वासाच्या मोहाने ती जास्त भाजू नये. मोड येताना दाण्यात पिष्ट फोडणारे विकर (एन्झाइम) तयार होते, त्यामुळेच हे पीठ शिजवल्यावर साध्या पिठासारखे घट्ट न होता पातळ राहते व पचायला हलके जाते. कडक भाजले की ते विकर नष्ट होते. मोड आल्याने फायटेट, म्हणजे लोह-कॅल्शियम शोषू न देणारा दाण्यातला घटकही कमी होतो आणि लोह व कॅल्शियम शरीराला अधिक मिळते.

दोन चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवावे, नाहीतर गाठी होतात, आणि मग कपभर उकळत्या पाण्यात घालून सात-आठ मिनिटे ढवळत शिजवावे. निवल्यावर ताक, मीठ आणि ठेचलेला लसूण घातला की आंबील झाली. गोड हवे असेल तर प्रश्न गुळाचा येतो.

कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तरी दुकानातला पिवळाधमक रवा, म्हणजे गुळाची ढेप, पाहून हुरळून जाऊ नये. काहिलीत रस उकळताना रानभेंडीच्या चिकाने मळी वर आणून काढणे ही गुऱ्हाळावरची जुनी रीत; रंग उजळावा म्हणून काही ठिकाणी हायड्रोस, म्हणजे गंधकयुक्त रसायन, वापरले जाते. म्हणून तपकिरीकडे झुकणारा, खारट न लागणारा गूळ निवडावा, किंवा हंगामात गुऱ्हाळावरूनच काकवी आणावी. गूळ सत्त्व खाली उतरवल्यावर घालावा, कारण पाण्याऐवजी दूध वापरले असेल, तर ते उकळत असताना गूळ घातल्यास दूध फाटण्याची शक्यता असते.

गुळात लोह असले तरी त्याचा बहुतांश भाग साखरच असतो, त्यामुळे मधुमेह्यांनी तो औषध समजून खाऊ नये आणि दोन वर्षांखालील बाळाच्या सत्त्वात तो घालू नये. तयार पीठ कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात महिनाभर टिकते. एक किलोहून जास्त एकदम दळू नये.