भिंतीला भिंत लागून घरं असतील, तर रोडग्यांचा जगरा कुठे लावायचा?

हिवाळ्यात रोडगे (निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याचं भरीत व्हायलाच हवं. पण ज्यांची घरं एकमेकांना लागून आहेत, त्यांनी जगरा, म्हणजे रोडगे भाजायचा गोवऱ्यांचा विस्तव, शक्यतो वावरातच लावावा. या दिवसांत चांगल्या भावाची वाट पाहत कापूस घरातच भरलेला असतो, मागे कुटार (भुसा) आणि तुराट्यांचा (तुरीच्या वाळक्या काड्यांचा) ढीग. कापसात ठिणगी शिरली की आग आतल्या आत धुमसते, वरून विझल्यासारखी दिसते आणि काही तासांनी भडकते. तोवर शेजाऱ्याचं छप्परही धोक्यात आलेलं असतं.

अंगणाशिवाय जागाच नसेल, तर भिंत, छप्पर आणि कडब्यापासून किमान 10 फूट लांब, मातीवर खड्डा करून लावा. वारा सुटला असेल तर बेत पुढे ढकला. पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळक्या झाडांचा) जाळ एकदम उंच उठतो, म्हणून वांगी भाजताना पऱ्हाटी थोडी थोडीच घाला. जाळ मंद पडला म्हणून पेट्रोल किंवा राकेल तर कधीच ओतू नका. दोन बादल्या पाणी आधीच भरून ठेवा, लहान पोरांना लांब बसवा.

सगळ्यात जास्त हयगय होते ती राखेची. गोवरीचा निखारा राखेखाली दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो. पाणी ओता, काडीने ढवळा, पुन्हा ओता. हात जवळ नेऊन ऊब लागत नाही ना, ते पाहा. त्याआधी ती राख उकिरड्यावर टाकू नका. उरलेले निखारे शेकायला बंद खोलीतही नेऊ नका, त्यातून निघणाऱ्या विषारी वायूने झोपेतच जीव जाऊ शकतो.

कोणाला भाजलं, तर 20 मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा, टूथपेस्ट लावू नका. आग पसरली तर 101 किंवा 112.