कामगार पगाराची स्लिप घेऊन आला? मग या चुका टाळा

फेब्रुवारीचा पगार झाला की एक प्रश्न ठरलेला असतो. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं पगाराचं काम मी नुकतंच घेतलं होतं. एक मोल्डर मामा स्लिपची घडी उलगडत टेबलापाशी आले. "सायेब, ह्ये शंभर रुपये जादा कुठं गेलं?" मी पीएफच्या चलनात अडकलो होतो. "सरकारी कपात हाय मामा, सगळ्यांचीच झालीया," म्हणून मोकळा झालो. दुपारच्या चहापर्यंत शॉपवर बातमी पसरली: मालकानं सगळ्यांचे शंभर-शंभर कापले.

पहिली चूक ही. 'सरकारी कपात' ऐकून कुणाचंच समाधान होत नाही. खरं उत्तर अर्ध्या मिनिटाचं होतं: पुरुष कामगाराचा पगार महिना १०,००० च्या वर असेल तर व्यवसाय कर ११ महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. यावर लगेच दुसरा प्रश्न येतो, पॅकिंगमधल्या ताईंचा का कापत नाही? २०२३ पासून महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर हा कर नाही. आता हे मी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातच हजेरीच्या मशीनशेजारी चिकटवतो.

ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचं, दुखणं पगारवाढीनंतर निघतं. जूनमध्ये कुणाचा पगार २०,५०० वरून २१,८०० झाला की तो म्हणतो, मर्यादा २१,००० ची, मग माझे अजून का कापता? इथं बरेच जण गडबडतात आणि कपात मध्येच बंद करून टाकतात. ते करू नका. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन कालावधी असतात. कालावधीच्या मध्येच मर्यादा ओलांडली तरी तो संपेपर्यंत वर्गणी भरावीच लागते, कामगाराची ०.७५ टक्के आणि मालकाची ३.२५ टक्के. कामगाराला हेही सांगा की सप्टेंबरपर्यंत भरलेल्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचे लाभ मिळतात. हे कळलं की निम्मा राग तिथंच जातो.

आता खाडा (गैरहजेरी) आणि ओटी (पाळीनंतरचं जादा काम). इथं मात्र प्रश्न कामगाराचा नसतो, खोट आपल्याच हिशेबात असते. समजा पगार १५,६०० आहे. २६ ने भागलं तर रोज ६००, ३० ने भागलं तर ५२०. काही ठिकाणी खाडा कापताना २६ धरतात आणि ओटी देताना ३०. आठ तासांच्या पाळीला दुप्पट दरानं २६ च्या हिशेबात ओटीचा तास १५० चा होतो, ३० च्या हिशेबात १३० चा. ज्यानं महिन्यात वीस तास ओटी केलाय, त्याचे ४०० रुपये गेले. तो शाळा किती शिकलाय ते सोडा, हा हिशेब त्याला बरोबर येतो. भागाकार एकच ठेवा आणि तो स्लिपवर छापा.

स्लिपवर 'इतर कपात' असा रकाना असेल तर तो आजच काढा. गावच्या म्हाईला किंवा जोतिबाच्या यात्रेला घेतलेली उचल, कँटीन, सोसायटीचा हप्ता, सगळं वेगळं दिसू दे. उचलीपुढं शिल्लक किती तेही लिहा.

पीएफचं पासबुक मोबाईलवर उघडून पोरं विचारतात, मालकाचे बारा टक्के पूर्ण का दिसत नाहीत? तोंडी सांगू नका, कागदावर मांडा. १५,००० वर कामगाराचे १,८००. मालकाचेही १,८००, पण त्यातले १,२५० पेन्शन खात्यात जातात आणि ५५० पीएफमध्ये.

हे सगळं बाजूला घेऊन बोला. चार जणांत "तुझा बेसिकच कमी हाय की" म्हटलं की दुसऱ्या दिवशी चौघांचे चार प्रश्न येतात. पगाराच्या स्लिपा व्हॉट्सॲप ग्रुपवर तर टाकूच नका.

आणि चूक आपलीच निघाली तर? "फुडच्या म्हैन्यात बघू" हे वाक्य फार महागात पडतं. मामांच्या त्या शंभर रुपयांनंतर मी टेबलावर एक साधी वही ठेवली आहे: नाव, प्रश्न, उत्तर दिल्याची तारीख. राहिलेले पैसे दोन दिवसांत खात्यावर टाकतो आणि त्या ओळीपुढं कामगाराची सही घेतो. परवा एकाचे ६५ रुपये राहिले होते, तेही त्याच वहीत आहेत.