गिऱ्हाइकाला गाडीत बसल्या-बसल्या कॉफी देणारा स्टॉल टाकताय? आधी झोन बघा

बेळगावात खानापूर रोडला किंवा हायवेला लागून जागा मिळाली, की लोक लगेच ॲडव्हान्स देऊन मोकळे होतात. थांबा जरा. आधी सर्व्हे नंबर घेऊन ‘बुडा’च्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरण) ऑफिसात जा आणि मास्टर प्लॅनमध्ये ती जागा कुठल्या झोनमध्ये येते ते लेखी घ्या. तोंडी ‘होईल हो’ धरून चालू नका. उताऱ्यावर जमीन अजून शेतीचीच असेल तर एनए (बिगरशेती परवानगी) आधी, कॉफी नंतर. एनए झालेली असली तरी घरासाठी की धंद्यासाठी, ते ऑर्डरमध्ये नीट वाचा. मालक हे सहसा आपणहून सांगत नाही.

खरी अडचण रांगेची. एका गाडीला पुढच्या-मागच्या अंतरासकट सहा मीटर धरा, म्हणजे पाच गाड्यांना तीस मीटर. ही रांग तुमच्याच आवारात मावली पाहिजे, रस्त्यावर आली तर पोलीस आणि शेजारी दोघेही दारात. म्हणून नकाशात नुसती टपरी दाखवू नका. आत येण्याची वाट, वळण, खिडकी, बाहेर पडण्याची वाट आणि उभ्या गाड्या मापासकट काढून घ्या. राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून थेट वाट काढायची असेल तर महामार्गवाल्यांची परवानगी वेगळी.

ट्रेड लायसन्स महापालिकेचं, एफएसएसएआय (अन्नसुरक्षेची) नोंदणी ऑनलाइन. अर्ज कन्नडमध्ये लिहून नेलेला बरा, टेबलावर काम लवकर हलतं. बोर्ड रंगवण्याआधी ध्यानात ठेवा: ६० टक्के कन्नड हवं.