विद्यापीठाच्या आधाराने उद्योग: कंपनी नोंदवण्याची घाई नको

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातून किंवा रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांतून पदवी घेऊन आंबा, काजू, कोकम यांच्या प्रक्रिया उद्योगात उतरू पाहणाऱ्यांनी विद्यापीठाचा आधार अवश्य घ्यावा. प्रयोगशाळा आणि जाणकार प्राध्यापक एरवी कोणत्याही नवउद्योजकाला परवडत नाहीत.

मात्र कंपनी कधी नोंदवायची, हे सर्वांत आधी ठरवावे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया बीज निधी योजनेत इन्क्युबेशन सेंटरमार्फत (नवउद्योगांना जागा, साधने आणि मार्गदर्शन देणाऱ्या केंद्रामार्फत) नमुना उत्पादनासाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची सोय होती. पण अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नसावी, अशी अट होती. सॉफ्टवेअर करणाऱ्याला दोन वर्षे पुरतात. कोकम पिकते एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या तोंडावर; म्हणजे दोन वर्षांत हंगाम दोनच. पहिल्या हंगामात आगळातले, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसातले, मिठाचे प्रमाण बसते, ते साठवणीत कसे टिकते हे कळेपर्यंत दुसरा उजाडतो, आणि त्यातला एक अवकाळी पावसाने नेला की हातात काहीच उरत नाही. आमची कंपनी एका स्पर्धेच्या बक्षिसाची अट म्हणून शेवटच्या वर्षातच नोंदवली गेली, आणि आगळ विकण्याजोगे झाले तेव्हा मुदत उलटून गेली होती. अशा वेळी तोच धंदा नव्या कंपनीच्या नावावर चढवा, असे सांगणारे भेटतात. त्यांचे ऐकू नका. चालू व्यवसायाची पुनर्रचना करून काढलेली संस्था स्टार्टअप ठरत नाही, असे केंद्र सरकारच्या स्टार्टअप मान्यतेच्या नियमांतच आहे. ही मान्यता विनाशुल्क मिळते, त्यामुळे तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटालाही दारात उभे करू नये.

चाचण्या विद्यार्थी असतानाच, नोंदणीपूर्वी उरकाव्यात. पण संस्थेची साधने वापरून घडवलेल्या शोधावर संस्थेचाही हक्क येऊ शकतो, म्हणून आधी लेखी करार करावा. २०१९ च्या राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरणानुसार मदतीच्या बदल्यात संस्था कंपनीत २ ते ९.५ टक्के हिस्सा घेऊ शकते. हिस्सा कोणत्या मदतीसाठी, हे संकोच न करता विचारावे. प्राध्यापक रागावत नाहीत.

मार्गदर्शक निवडताना, ज्याने स्वतः कधी माल विकलेला नाही त्याच्या सादरीकरणांपेक्षा काजूचा कारखाना चालवणाऱ्या गावातल्या माणसाचा एक तास मला मोलाचा वाटतो. प्रयोगशाळेसाठी अर्ज दिवाळीच्या सुमारास द्यावा, कारण कोकम पिकते तेव्हा महाविद्यालयात परीक्षा चालू असतात.