फायबरचं चिलखत घरी बनवताना: आधी माप, मग रेझिन

मी मूळची शिवणकामातली, म्हणून वेशभूषेच्या चिलखताकडेही कपडा म्हणूनच बघते. दिसायला ते कितीही भारदस्त असलं तरी घालणाऱ्याला हात वर करता आला पाहिजे, खुर्चीत बसता आलं पाहिजे आणि तीन-चार तास घाम गाळूनही कुठे काचता कामा नये. रेझिन (हार्डनर घातल्यावर कडक होणारा चिकट द्रव) आणि फायबर (काचेचे तंतू) चढवणं हे त्यातलं झटपट होणारं काम. खरा वेळ मापात जातो, आणि तो तिथेच घालवावा. कापड उसवता येतं, फायबर उसवता येत नाही.

माप घेताना चिलखताखाली जे कपडे घालणार तेच अंगात असू द्या. दंडाचं माप कोपर दुमडून घ्यायचं, कारण दंड फुगतो तो तेव्हाच. हाताच्या पुढच्या भागाला मनगटाचं माप पुरत नाही: नळीसारखा बंद भाग करणार असाल तर अख्खा पंजा त्यातून गेला पाहिजे. हेल्मेटचंही तेच. गळ्याशी ते निमुळतं असतं आणि डोकं निमुळतं नसतं, म्हणून एक तर खालचं तोंड मोठं ठेवा किंवा मागचा भाग वेगळा करून चुंबकाने जोडा.

आतल्या अस्तराचा हिशोब बरेच जण विसरतात. सगळीकडून १ सेंटीमीटर जाडीचा फोम लावला की घेरात सव्वासहा सेंटीमीटर जातात. फायबर आतून चढणार, त्याचे दोन-तीन मिलिमीटरही आतलीच जागा खातात. म्हणजे अंगाच्या मापावर आठेक सेंटीमीटर जास्त धरून बेतायचं.

साचा कागदाचा. संगणकावरच्या चिलखताच्या त्रिमितीय मॉडेलचे उलगडलेले सपाट तुकडे २०० ते २५० जीएसएमच्या (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाच्या) कार्डावर छापा, घड्यांवर शाई संपलेलं बॉलपेन पट्टीने दाबून फिरवा, मग कापून चिकटवा. तयार झालेलं कागदी चिलखत ही तुमची कच्ची शिलाई. ते घालून आरशासमोर उभे राहा, टाळी वाजवा, बसा, जिने चढून बघा. काखेत रुततंय? तिथेच पेनाने खूण करा आणि कापा. बसल्यावर छातीचा भाग हनुवटीला टेकत असेल तर तो खालून आखूड करायचा, वरून नाही. आता कात्रीने दोन मिनिटांत होणारं हे काम नंतर ग्राइंडर मागेल.

कार्डावर रेझिन पडलं की ते आधी भिजतं आणि वाकतं. म्हणून आतून पुठ्ठ्याच्या पट्ट्या आडव्या लावून आकार जखडून ठेवा. छाती आणि पाठीला तर नक्कीच. बाहेरून रेझिनचा पातळ हात द्या, तो कडक झाला की पट्ट्या काढा आणि मगच आतून मॅट (काचेच्या तुकड्या तंतूंची चादर) लावायला घ्या.

रेझिन कुठलं? पॉलिएस्टर लवकर आवळतं (घट्ट होतं) आणि स्वस्त पडतं, पण त्यातल्या स्टायरीन या द्रावकाचा वास सहन होण्यासारखा नाही. एपॉक्सीला वास कमी, वेळही जास्त मिळतो. मात्र एपॉक्सीबरोबर तुकड्या तंतूंची मॅट नको, विणलेलं फायबर कापडच घ्या: मॅटमधले तंतू ज्या डिंकाने धरलेले असतात तो स्टायरीनमध्ये विरघळतो, एपॉक्सीत विरघळत नाही आणि मॅट ताठच राहते. थर्माकोलचा साचा करणार असाल तर पॉलिएस्टर विसरा. ते थर्माकोल खाऊन टाकतं.

पुढचं मी पॉलिएस्टर धरून सांगते. हार्डनर म्हणजे एमईकेपी, रेझिन कडक करणारं रसायन; १०० ग्रॅम रेझिनला १ ते २ ग्रॅम. उन्हाळ्यात १ कडे, थंडीत २ कडे. डोळ्यांच्या अंदाजाने थेंब मोजू नका, सुई नसलेली सिरिंज ठेवा. एका वेळी १०० ते १५० ग्रॅमच कालवा, कारण ते वापरण्यासारखं राहतं दहा ते वीस मिनिटं. घट्ट व्हायला लागलं की सोडून द्या. उरलेलं कपातच राहिलं तर ते इतकं तापतं की धूर निघतो, म्हणून कप उघड्यावर फरशीवर ठेवायचा, कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही. रेझिन शक्यतो कोबाल्ट (आवळण्याचा वेग वाढवणारा द्राव) आधीच मिसळलेलं घ्या. वेगळं मिळालं तर कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण कालवायचं, नंतर हार्डनर. कोबाल्ट आणि एमईकेपी थेट एकमेकांत कधीही पडू द्यायचे नाहीत. भडका उडतो, स्फोटही होतो.

मास्कच्या बाबतीत मी हट्टी आहे. कापडी किंवा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफांसाठीची कार्ट्रिज (गाळणीची डबी) असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा रेस्पिरेटरच लागतो, आणि दाढी असली की तो घट्ट बसत नाही. मास्क लावूनही वास आला तर फट आहे किंवा कार्ट्रिज संपलं आहे. डोळ्यांना गॉगल हवाच: एमईकेपीचा एक शिंतोडा नजर घालवू शकतो, उडालाच तर किमान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुवा आणि तडक डॉक्टरकडे जा. हातात नायट्राइल मोजे. काम मोकळ्या हवेत. स्टायरीनची वाफ ३१ अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते, म्हणून आसपास गॅस, उदबत्ती, सिगारेट काही नको.

आता मॅट. ३०० जीएसएमचे दोन थर बहुतेक भागांना पुरतात. कडांना आणि पट्टे बसणार तिथे तिसरा. मॅट कात्रीने कापू नका, हाताने तळव्याएवढे तुकडे फाडा. फाटलेल्या कडेचे तंतू पसरतात आणि जोडावर उंचवटा राहत नाही. आधी कार्डाला रेझिन लावा, त्यावर तुकडा ठेवा, मग ब्रश उभा धरून टोकाने ठोकत जा. रंग देतो तसा ओढलात तर मॅटचा गोळा होऊन ब्रशबरोबर येतो. ठोकता ठोकता पांढरी मॅट पारदर्शक होते आणि खालच्या कार्डावरच्या रेषा दिसू लागतात. जिथे पांढरं राहिलं तिथे हवा अडकली आहे किंवा रेझिन कमी पडलंय. अरुंद कोपऱ्यात मॅट बसतच नाही, तो कोपरा आधी बारीक कातरलेले तंतू आणि रेझिन कालवून भरून घ्या. मॅटच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन धरा. छाती-पाठ मिळून अर्धा चौरस मीटर असेल, तर दोन थरांना ३०० ग्रॅम मॅट आणि ६०० ते ७५० ग्रॅम रेझिन, म्हणजे किलोभर वजन. त्याहून बरंच जड झालं तर रेझिन वाया गेलंय, मजबुती वाढलेली नाही.

रेझिन आवळून रबरासारखं झालं की कडेबाहेरचं फायबर धारदार कटरने सहज कापलं जातं. ही वेळ फार थोडी असते, कटर हाताशी ठेवा. पृष्ठभाग किंचित चिकट राहिला तर काम बिघडलेलं नाही. हवा लागल्याने वरचा थर तसा राहतो, ॲसिटोनने पुसून घ्या.

बाहेरून गाडीच्या पत्र्याला लावतात ती पुट्टी, पातळ थरांत. पॉलिश पेपर ८० नंबरपासून १२०, २२० आणि शेवटी ४००, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून. ओलं घासलं की धूळ उडत नाही, तरी मास्कला धुळीचे फिल्टर लावाच. टॉर्च तिरका धरला की खड्डे लगेच दिसतात. अंगाला खाज सुटली तर आधी थंड पाणी, चोळू नका. ते कपडे घरच्या धुण्यात टाकू नका. प्रायमर आणि रंग तुमच्या आवडीचा. मी काळ्यावर रुपेरी देते आणि कडांना कोरड्या ब्रशने हलका हात फिरवते.

आतली बाजू विसरायची नाही. सुटे तंतू सुईसारखे टोचतात, तेही घासून वरून रेझिनचा एक हात द्या, मग फोम आणि कापडी अस्तर. वास पूर्ण जाईपर्यंत भाग हवेशीर जागी ठेवा, नंतरच अंगावर चढवा. पट्टे नायलॉनचे, वॉशर घालून रिव्हेट केलेले. छातीचं वजन खांद्यांवर आणि मांडीचं कमरेच्या पट्ट्यावर लटकू द्या; मांडी आवळून भाग वर राहत नाही, चार पावलांत घसरतो. छाती-पाठीत दोन्ही बगलांना दोन सेंटीमीटर फट ठेवली की श्वास घेता येतो. बकल स्वतःच्या हाताला पोचतील तिथेच लावा.

घालताना खालून वर जायचं: पोटऱ्या, मांड्या, मग छाती. छाती चढल्यावर वाकता येत नाही. पंजे आणि हेल्मेट अगदी शेवटी, आणि बाथरूमला जाऊन यायचं ते मांड्यांच्या आधी.