संगीत विशारदच्या लेखी परीक्षेची तयारी

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षांमध्ये विद्यार्थी गाण्यावर जितके कष्ट घेतात, तितके संगीतशास्त्रावर क्वचितच घेतात, आणि मग रागमाहिती पाठ करून वेळ मारून नेतात. त्यापेक्षा समप्रकृतिक, म्हणजे एकमेकांशी साम्य असलेल्या, रागांच्या जोड्या करून, गुणगुणत अभ्यास करावा. भूप आणि देसकार यांचे पाचही स्वर तेच असले, तरी भूप कल्याण थाटाचा (थाट म्हणजे रागांच्या वर्गीकरणाचा स्वरसमूह), गंधार वादी म्हणजे प्रमुख स्वर असलेला, पूर्वांगप्रधान (सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात खुलणारा) आणि रात्रीच्या प्रथम प्रहराचा राग आहे. देसकार बिलावल थाटाचा, धैवत वादी असलेला, उत्तरांगप्रधान (वरच्या अर्ध्या भागात खुलणारा) आणि सकाळचा आहे. हा फरक गळ्यातून उमटला, की उत्तर आपोआप सुचते.

तालाची लयकारी, म्हणजे त्याचे बोल दुप्पट-तिप्पट वेगात बसवणे, मात्र कागदावरच गिरवावी लागते. सोळा मात्रांच्या त्रितालाची तिगुण (तिप्पट लय) एका आवर्तनात एकदाच बसवून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, यायची असेल, तर १६ भागिले ३ म्हणजे सव्वापाचांहून किंचित अधिक मात्रा लागतात. म्हणून ती अकराव्या मात्रेत ‘ऽऽधा’ (मात्रेचे दोन भाग रिकामे, तिसऱ्यावर पहिला बोल ‘धा’) अशी सुरू होते. दहा मात्रांच्या झपतालाची दुगुण (दुप्पट लय) सहाव्या मात्रेपासून, म्हणजे थेट खालीपासून (टाळी न देण्याच्या मात्रेपासून), सुरू होते.

स्वरलिपी लिहिताना भातखंडे आणि पलुस्कर पद्धतींची सरमिसळ टाळावी. भातखंडे पद्धतीत मंद्र (खालच्या सप्तकातल्या) स्वराखाली बिंदू येतो, तर पलुस्कर पद्धतीत तो स्वराच्या डोक्यावर देतात. व्याख्या शेवटच्या आठवड्यात पाहिल्या तरी चालतात, असे माझे मत आहे.